दयाबाईंचे हात आणि पुढचं डावं चाक

सोनईच्या दयाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी हौसेने गाडी घेतली. गाडी त्या चालवायच्या आणि ती कशी चालवावी हे शेजारी बसलेले त्यांचे यजमान एलिया सर सांगायचे. सरांना स्वतःला गाडी येत नव्हती. तरुणपणी त्यांनी एकदा स्कूटर थेट उकिरड्यात घातली होती, तेव्हापासून कुठल्याही वाहनाला हात म्हणून लावला नव्हता. पण तेवढ्यावरून गप्प बसणाऱ्यांतला तो माणूस नव्हे. उभी नोकरी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेली. शिट्टी सुटली, हुकूम सुटले नाहीत. हॉर्न दे, डावीकडे घे, त्या म्हशीचा काही भरवसा नाही. दयाबाई या कानाने ऐकत, त्या कानाने सोडून देत. एकूण संसार सुखाचा चालला होता.

आणि दिवाळीनंतर स्टेअरिंगवरचे दयाबाईंचे हात थरथरायला लागले.

गाव सुटून मोठा रस्ता लागला, वेग वाढला, की सुरुवात. आधी बोटं, मग मनगटं, मग पार कोपरापर्यंत. वेग कमी केला की हात पुन्हा शहाण्यासारखे. दुसऱ्या कुणीही गाडीवर संशय घेतला असता. दयाबाईंना वडील आठवले. त्यांना याच वयात कंपवात झाला होता. चर्चमध्ये पेटी वाजवणारा तो माणूस, पण शेवटी शेवटी त्याच्या सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची. पन्नाशी उलटल्यापासून दयाबाई मनातल्या मनात या पाहुण्याची धास्ती घेऊन होत्या. आता दार वाजल्याबरोबर, कोण आहे म्हणून न विचारताच, त्यांनी त्याला घरात घेतलं.

घरी त्यांनी गुपचूप स्वतःच्या परीक्षा घेतल्या. सुईत दोरा ओवला, ओवला गेला. काठोकाठ भरलेला चहाचा कप बशीत ठेवून स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आणला, थोडा सांडला. तेवढंच मनात राहिलं, सुईदोऱ्याचे गुण काही धरले गेले नाहीत. एलियांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त गाडी पन्नासच्या वर नेणं बंद केलं आणि मागून ट्रॅक्टरवालेसुद्धा हॉर्न वाजवायला लागले.

तिकडे अकोल्याला त्यांच्या लेकीच्या, नॅन्सीच्या, बाळाचा बाप्तिस्मा रविवारी ठरला होता. शनिवारी निघायचं होतं. एवढा लांबचा रस्ता, पुढे घाटाची वळणं, आणि शेजारी हा सगळ्या जगावर हुकूम सोडणारा भाबडा माणूस. आपल्या हातांचा भरवसा नसेल तर त्याचा जीव धोक्यात घालायचा आपल्याला काय हक्क, या विचाराने दयाबाईंना झोप लागेना. त्यांनी ठरवून टाकलं. निघायच्या आदल्या रात्री सगळं सांगायचं, एस.टी.ने जायचं आणि परत आल्यावर गाडी विकायची.

पण शुक्रवारी दुपारी एलियांनी हट्टच धरला. लांब जायचंय, चाकांत हवा बघून घेऊ. म्हणून दोघं घोडेगाव रस्त्यावर बजरंगच्या गॅरेजला गेले. बजरंग दयाबाईंचा जुना विद्यार्थी. शाळेत तो बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त असायचा. आता मात्र अख्ख्या तालुक्यात आपल्याइतका हुशार मेकॅनिक नाही असं तो स्वतःच सगळ्यांना सांगे. हवा भरता भरता त्याने पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि तिथेच थांबला.

"बाई, टायर आतनं पार खाल्लंय की. भाईरनं नवंकोरं आन आतनं टक्कल. स्टेअरिंग हादरतं का वं?"

"नाही," दयाबाई पटकन म्हणाल्या.

जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेली बाई ती. पण हादरतं म्हणावं तर पुढचं सगळं सांगावं लागणार, तेही एलियांच्या देखत. बजरंगला ते पटलं नाही. टायर असं खाल्लंय म्हणजे हादरणारच, असं म्हणत त्याने चावी मागून घेतली. एलिया हक्काने पुढे बसले. दयाबाई मुकाट्याने मागे.

रस्ता मोकळा होता. बजरंगने गाडी अशी सोडली की एलियांना हुकूम द्यायलाही फुरसत मिळेना. आणि मागून दयाबाईंना दिसलं. बजरंगच्या हातात स्टीलचं जाडजूड कडं होतं. ते आधी हलायला लागलं, मग स्टेअरिंगवर टकटक आपटायला लागलं. मुसळासारखी त्याची मनगटं, पण कोपरापर्यंत लटलट कापत होती.

"बजरंग," दयाबाईंनी हळूच विचारलं, "तुझ्या वडलांना कंपवात आहे का रे?"

"न्हाई बाई. त्ये तर अजून उसाच्या मोळ्या उचलत्यात. का वं?"

दयाबाई हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात. एलिया घाबरून मागे वळून बघताहेत, बजरंगला वाटतंय आपल्या बापात हसण्यासारखं काय आहे, आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. किती हलकं वाटलं त्यांना ते शब्दांत सांगता येणार नाही.

गॅरेजमध्ये बजरंगने गाडी जॅकवर उचलली, चाक दोन्ही बाजूंनी धरून डावीउजवीकडे हलवलं. आतून कट कट आवाज आला. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडचा सांधा ढिला झाला होता. त्यामुळे चाक सरळ पळायच्या ऐवजी तिरकं घासत जात होतं, म्हणून टायर आतून झिजलं; आणि झिजलेलं टायर वेगात थडथडलं की ढिल्या सांध्यातून ते थेट स्टेअरिंगला पोचत होतं. मोठ्या खड्ड्यात आदळली होती का, असं त्याने विचारलं. दयाबाईंना लगेच आठवलं. साखर कारखान्याजवळ समोरून उसाची ट्रॉली आली होती आणि शेजारून हुकूम आला होता, डावीकडे घे, अजून डावीकडे. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. एलिया सर अतिशय बारकाईने शेजारच्या शेतातला कांदा पाहत होते.

दयाबाईंनी टायरवर स्वतः हात फिरवून पाहिला. एकीकडून गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीचे दात. त्यांनी तो परत परत फिरवला, एखाद्या नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा. सांधा बदलावा लागेल, पुढची दोन्ही टायरं नवी, वर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, अशी वाईट बातमी बजरंग जरा दबकतच सांगू लागला. पण बाई खुशीत म्हणाल्या, घाल, सगळं घाल. असलं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळं काम उरकून परतताना दयाबाईंनी गाडी चांगली जोरात नेली. हात जागच्या जागी. मग एका लिंबाखाली थांबून त्यांनी एलियांना सगळं सांगितलं: थरथर, वडील, एस.टी., गाडी विकायचा बेत. एलियांनी मान खाली घालून ऐकलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "कप घेऊन येताना तुझं तोंड बघितलं होतं मी. तू बोलेनास, म्हणून मीही विचारलं नाही. सकाळी फिरायला म्हणून जातो ना, ते ड्रायव्हिंग शिकायला जातोय. उद्या तुझे हात गेलेच, तर तुला नेणार कोण?"

दयाबाईंना ती उकिरड्यातली स्कूटर आठवली. वाहनाला हात न लावणारा हा माणूस रोज सकाळी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसत होता, आणि घरी येऊन म्हणत होता की हवा छान होती.

"येते का मग गाडी?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"दुसऱ्या गिअरपर्यंत येते."

"अहो, दुसऱ्या गिअरवर बाप्तिस्म्याला कधी पोचलो असतो आपण?"

"बाप्तिस्म्याला नाही," एलिया गंभीरपणे म्हणाले, "पण पोराच्या लग्नाला नक्की पोचलो असतो."