बोलत बोलत गुंडाळलेली तार

मालनताईंनी वाइंडिंगचं मशीन पुसून दाराशी आणून ठेवलं होतं. पाच वाजता भंगारवाला भगवान येणार होता. त्याआधी मुकुलने त्यांच्या कामाचा बरा निकाल दिला तरच मशीन घरात राहणार, असं त्यांनी स्वतःशी ठरवलेलं. कोलशेतच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळल्या. कारखाना बंद पडला तेव्हा हे मशीन मागून घेऊन डोंबिवलीला आणलं. पण वर्षभर उजवा अंगठा आखडत होता. हातच गेला असेल, तर दोन खोल्यांत मशीनला जागा कशाला?

मुकुल दोन गल्ल्या पलीकडे गिटार शिकवायचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो: चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांची थरथर तोच पकडतो आणि स्पीकरकडे धाडतो. आज मुकुलने दोन सारख्या गिटारी आणलेल्या. एकीत परदेशी पिकअप, एकीत मालनताईंनी त्याच्यासाठी गुंडाळलेला.

"कुठल्या गिटारीत कुठला ते सांगू नकोस," म्हणत त्या गॅलरीत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "जिने कॉइल गुंडाळली तिने तपासायची नाही, असा नियम होता आमच्याकडे."

"इथे कोण सुपरवायझर बघतोय, काकू?"

"मी बघत्येय ना."

मुकुलने एक वाजवली, मग दुसरी. पुन्हा पहिली, बोटाने हलकेच. पुन्हा दुसरी, जोरात. पहिलीचा सूर थोडा खरखरीत, मध्येच लखलखणारा. दुसरी मात्र इस्त्रीच्या साडीसारखी, कुठे चुणी म्हणून नाही. दुसरी माझी, मालनताईंच्या मनाने घेतलं. तारेला तार लावून बसवली की ती अशीच वाजणार. त्यांना एकदम चहा टाकावासा वाटला.

"पहिली," मुकुल म्हणाला. "हळू हात लावला तर हळू बोलते, हाणली तर भांडायला उठते. दुसरी म्हणजे, काहीही करा, आपली एकाच आवाजात हो-हो. बोटांना मजाच येत नाही."

"म्हणजे परदेशी जिंकला," मालनताई कठड्यालाच म्हणाल्या.

"नाही ओ काकू! पहिलीच तर तुमची!"

आनंद व्हायचा सोडून त्यांचा चेहरा पडला. कारखान्यात तार चालू असताना कुणी बोलायचं नाही; आग लागली तरी आधी थर पुरा करा, मग पळा, अशी चेष्टा चालायची. आणि हा पिकअप गुंडाळताना शेजारच्या आवडाबाई येऊन तासभर सुनेचं गाऱ्हाणं सांगत बसल्या होत्या. मालनताई हूं हूं करत राहिल्या आणि तार कुठे दाट, कुठे विरळ, आडवीतिडवी बसली.

"रिजेक्ट माल आहे रे तो. थर सरळ नाहीत."

"म्हणून तर असा बोलतो! मला अजून एक हवाय. अस्साच."

अस्साच म्हणे! मुकुल गेल्यावर त्यांनी मशीन पुन्हा खिडकीपाशी ओढलं आणि नवी तार लावली. मुद्दाम हात वाकडा न्यायला गेल्या, तर तार मेली प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारखी सरळ रांगेत. अंगठा आखडलेला, तरी हात कुठेही गेलेला नव्हता. उलट आता तो वाकडा जाईल तर शपथ.

आवडाबाई तर आठ दिवस टिटवाळ्याला, लेकीकडे.

दारात भगवान पोतं घेऊन उभा राहिला. "ताई, तेच ना मशीन?"

"तेच. त्याला हात लावायचा नाही. त्या स्टुलावर बस."

"बसू? का ओ?"

"बोल काहीतरी. घरचं बोल. भांडणाचं असेल तर आणखी बरं."

भगवानने पोतं खाली ठेवलं आणि तो स्टुलावर टेकला. "आमच्या मेव्हण्याचं काय सांगू तुम्हाला..."

मालनताईंनी मशीन सुरू केलं. "अगं बाई! मग?"