विसरणाऱ्या उंदरांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. गोंदियाच्या एका कॉलेजच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली पडून असते. माझ्यात आता कुणी राहत नाही. तरी कधी कधी आत नखं खरवडल्यासारखं वाटतं आणि मी दचकते.

या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या घनश्याम सरांनी मला करवून घेतलं, तेव्हा देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. माझ्यात दोन खोल्या. एकीच्या तळाला विजेच्या पितळी तारा, दुसरीत गवताची ऊब. घंटी वाजली की उंदरानं गवतात पळायचं, नाहीतर तारा पायांना चावायच्या. उंदीर लवकर शिकत. मग सर त्यांच्या कानांना चिमटे लावून विजेचा झटका देत. तो इवलासा जीव ताठ व्हायचा, थरथरायचा, निपचित पडायचा. ती थरथर माझ्या फळ्यांत उतरायची, मित्रांनो. अजून गेलेली नाही.

शिकल्याबरोबर झटका मिळालेला उंदीर दुसऱ्या दिवशी सारं विसरलेला असे. घंटी वाजे आणि तो आपला तारांवर बसून मिश्या साफ करी. ज्याला झटका उशिरा मिळाला, तो मात्र घंटी ऐकताच पळे.

उंदरांना कणी घालायला प्रेमिलाबाई येत. "ओ पाटील, मिश्या मंग पुसजा! घंटी वाजून राहिली ना!" असं त्या विसरलेल्या उंदराला ओरडत आणि खुदकन हसत.

ते हसू एका पावसाळ्यात गेलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांची आठ वर्षांची लेक शामकला शेताजवळच्या बोडीत बुडाली. लहानसं तळं ते. त्यांचा नवरा चैतराम त्या दिवसापासून बोलेना की जेवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी विजेचे झटके द्यायचं ठरवलं.

प्रेमिलाबाई माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"मास्तर, घरवाल्याले बी झटके देनार म्हंते. तो पोरीले भुलल का जी? मंग तिची याद मी एकटीनंच कशी सांभाळू?"

"नवं जातं, जुनं टिकतं," सर म्हणाले. "पण बाई, हे उंदरांचं झालं. माणसाचं मी सांगू शकत नाही."

शेवटचं त्यांनी ऐकलंच नाही. धान पिकवणाऱ्या घरची बाई. आज रोवलेला पऱ्हा, म्हणजे धानाचं रोप, दोन बोटांनी उपटून येतो, मूळ धरलेला येत नाही, हे त्यांना ठाऊक.

"मंग काही भेव नाही," त्या म्हणाल्या. "आठ वर्साची पोरगी माही. त्याच्या काळजात मूळ धरून आहे."

दिवाळीनंतर चैतराम परतला. बोलू लागला, पोटभर भात खाऊ लागला. बाई हरखल्या आणि त्याला उंदीर दाखवायला घेऊन आल्या. तो माझ्यात डोकावला, लहान मुलासारखा हसला.

"काऊन वं, शामकलेले काऊन नाही आणलं? उंदीर पाहून नाचली असती पोरगी."

मूळ धरलेली पोर राहिली होती. तिचं मरण तेवढं नवं होतं, तेच निघून गेलं होतं.

"मामाच्या घरी गेली का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण प्रेमिलाबाईंनी त्याला खाली बसवलं, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू सांगितलं. त्याचा हंबरडा ऐकून माझ्यातले उंदीर कोपऱ्यात दडले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा डोळे सुजलेले.

"सकाळी पुन्हा इचारलं त्यानं, मास्तर. झटक्यापासून नवं काही टिकतच नाही त्याच्या डोक्यात."

"मग?"

"मंग काय जी. पुन्हा हात धरला. पुन्हा सांगतलं."

त्या दिवशी सरांनी झटक्याचं यंत्र सुरू केलं नाही. पुढेही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी तेच तेच विचारत असेल, तर चिडू नका, हसू नका. जवळ बसा, आधी हात धरा. तुम्ही दहाव्यांदा सांगत असाल. ऐकणाऱ्याला ते दर वेळी पहिल्यांदाच कळत असतं.