आईची माती

अक्काचं कुणाशी तरी बोलणं चाललंय हे मला कळलं ते गिरिजामुळे. गिरिजा माझी मुलगी, दोन वर्षांची. वरणभाताचा घास गालात धरून तिनं हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "जय हिन, मामा."

"कुठला मामा ग?"

तिनं अक्काच्या मोबाईलकडे बोट केलं.

मला भाऊ नाही. आणि आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. पुढचा घास भरवेपर्यंत मला काय ते समजलं.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, भुवनेश्वरी. लग्न करून कर्नाटकात इंडीकडे दिली होती. दोन वर्षांत परत आली, काडीमोड झाला, त्याला आता पुष्कळ काळ लोटला. जुळे सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. हाताला काम भरपूर. तिच्याशी बोलायला माणसं मात्र मापं देण्यापुरतीच येतात.

विचारलं तर तिनं काही लपवलं नाही. उलट मशीन थांबवून फोटोच दाखवला. वर्दीतला माणूस, मागं बर्फ, मिशी छान. नाव सुभेदार विरुपाक्ष बिराजदार. आपल्यातलेच, असं अक्का म्हणाली. म्हणजे लिंगायत. मूळचे विजापूरकडचे, बायको वारलेली, लहानपणीच पुण्याला गेल्यामुळं कानडी येत नाही.

"व्हिडिओ कॉल केला का कधी?"

"सीमेवर चालत न्हाय म्हणे. बंदी हाय."

"मग हे मेसेज कसे चालतात?"

"तुला सगळं कसं ग लागतंय?" अक्का दोरा दातांनी तोडत म्हणाली. "बापानं एवढं शिकवलं, त्येचा फायदा एवढाच झाला व्हय, संशय घ्यायचा?"

मी त्याचे मेसेज वाचले. सकाळी 'प्रिये, न्याहारी झाली का', दुपारी 'प्रिये, जेवण झाले का'. शुद्धलेखन चोख. पण बोलताना माणूस जिथं अडखळतो तिथं तो कुठंच अडखळत नव्हता. सगळं छापील. गिरिजाचे फोटोही गेलेले दिसले, अंघोळ करतानाचा धरून. मी तिथंच सांगितलं, पोरीचे फोटो यापुढे पाठवायचे नाहीत. अक्काला लागलं. "फोटोनं काय झिजती व्हय पोरगी?" म्हणाली. पण त्यानंतर पाठवले नाहीत.

तो बर्फातला फोटो मी इंटरनेटवर शोधला. तोच चेहरा आणखी तीन नावांनी सापडला. एका ठिकाणी तर तो दुसऱ्याच देशाचा डॉक्टर होता. मी अक्कासमोर सगळं उघडून ठेवलं. तिनं शांतपणे बघितलं.

"चोरलाय की कुणीतरी फोटो."

"तेच तर म्हणतेय मी, अक्का."

"म्हंजे बघ, ह्येंचा फोटो चोरून लोक कसले कसले धंदे करत्यात. बिचाऱ्याला म्हाईतबी नसंल. मी सांगते त्येंना."

 पुरावा तोच होता, तिनं फक्त उलटा धरला होता.

नवऱ्याला सांगावं असं वाटलं, पण गुरु आधी ओरडतो आणि मग ऐकतो. मोबाईल काढून घेतला असता, अक्का दोन दिवस जेवली नसती, आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून सगळं सुरू झालं असतं. सासूबाईंना, नीलम्मांना, अक्कानं स्वतःच सांगून टाकलं होतं. त्या शेंगा सोलत होत्या.

"मिलिटरीवाला हाय," मला म्हणाल्या. "म्हातारपणी पेन्शन असतंय. तुज्या नवऱ्याला हाय का?"

"नाही."

"मग?"

म्हणजे घरात या बाजूला मी एकटी.

मग एका सकाळी अक्का चहा न घेता बसलेली दिसली. सुभेदारांची आई गेली होती. मेसेजमध्ये तेवढंच होतं: 'प्रिये, आई मला सोडून गेली. मी अनाथ झालो. सीमेवरून निघता आले नाही.' अक्का पदरानं डोळे पुसत होती. जिला कधी बघितलं नाही तिच्यासाठी दिवसभर तिनं मशीनला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं तर सांगितलं, "आमच्यात सुतक हाय." सासूबाईंनी दचकून विचारलं, "कुणाचं ग बाई?"

मग मागणी आली, ती त्या आईच्या जाण्यावरूनच. सुभेदारांचा पगार आजवर आई सांभाळायची. तिचं खातं आता बंद. सीमेवर बँक नाही. तेव्हा अक्कानं आपल्या नावानं नवं खातं उघडावं आणि त्याचं एटीएम कार्ड, पिन आणि त्याला जोडलेलं सिमकार्ड एका पत्त्यावर कुरिअर करावं. पत्ता दिल्लीजवळचा होता. पगार अक्काच्या नावावर येईल, तो कार्डानं लागतील तेवढे पैसे काढेल, उरलेले संसाराला.

"पैसे मागितले का त्यांनी?" अक्का मला विचारत होती. "एक रुपाया मागितला न्हाय. उलट द्यायला निघालेत."

मी तिला समजावलं. मशीनजवळच्या स्टुलावर बसून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. असल्या खात्यात पगार येत नाही, लोकांना फसवून काढलेला पैसा येतो. येतो आणि लगेच पुढं जातो. मग पोलिस पैशाच्या मागोमाग येतात, आणि खात्यावर ज्याचं नाव त्याच्या दारात उभे राहतात. सुभेदाराचं नाव कुठंच नसेल. भुवनेश्वरीचं असेल. आधारकार्डासकट.

तिनं सगळं ऐकलं. "लई भितीस तू," म्हणाली. "पोरगी झाल्यापासून तर जास्तच."

ते खरं होतं. पण म्हणून त्या खात्यातला धोका कमी होत नव्हता.

तरी अक्कानं खातं उघडलंच. कार्ड आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का पाकीट घेऊन निघाली, मी गिरिजाला कडेवर घेतलं आणि "मलाही भाजी आणायचीय" म्हणून बरोबर निघाले. तिला कळलं मी का येतेय.  रस्त्यात फक्त एवढंच बोलली, "एक गोष्ट मनाला खातीय बघ."

"कुठली?"

"मातीला जायला पायजे हुतं. सासू झाली असती ती माजी. आनि मी विचारलंसुदिक न्हाय, माती कवा झाली, कुटं झाली. त्येंना काय वाटलं असंल?"

आमच्या भागात अंत्यविधीला मातीच म्हणतात. मातीला गेलो, मातीहून आलो. जाळणारेही तसंच म्हणतात. आमच्यात तर खरीच माती, लिंगायतांत पुरतात.

"मग विचारा की आता," मी म्हटलं.

मी काही डाव टाकला नव्हता. तिच्या मनातलं ओझं जावं आणि कुरिअरच्या दुकानापर्यंत जायला तेवढा उशीर व्हावा, एवढंच डोक्यात होतं.

तिनं चालता चालता, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'आईची माती कुटं झाली'.

कुरिअरचं दुकान कासीमभाईंचं. ओळखीचे आहेत, गणवेशांचे गठ्ठे तिथूनच मोहोळला, सांगोल्याला जातात. आमच्या पुढं दोघं होते. अक्कानं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं तो माझ्याकडे दिला. "वाच. मला ह्या उजेडात दिसत न्हाय."

मी मोठ्यानं वाचलं. आवाजात काही येऊ न देता, बातम्या वाचतात तसं.

"प्रिये, आईची माती माझ्या कपाळावर आहे. भारतमातेच्या या मातीसाठी मी शेवटचा श्वास देईन. एक दिवस तुलाही या मातीत घेऊन जाईन."

रांगेतला पुढचा गृहस्थ वळला. "जवान हाईत व्हय? वा!" म्हणाला आणि गिरिजाला सलाम केला. गिरिजानं लगेच परत केला.

अक्का हसली नाही. "परत वाच."

मी परत वाचलं.

कासीमभाई पावती फाडता फाडता थांबले होते. "आईच्या मिट्टीचं विचारलं ना तुमी, बाई? आमच्यातबी मिट्टी देनाच बोलतात. ह्ये तर पंधरा ऑगस्टचं भाषण करायलंय."

"गप बसा हो," अक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "पुण्याला वाढलेत. तिकडं माती म्हणत नसतील."

"नसतीलही," मी म्हटलं. पुण्याचे लोक काय म्हणतात ते मला खरंच नक्की माहीत नव्हतं.

"मग सरळ विचारते. सरळ विचारल्यावर तरी कळंल की."

मोबाईल माझ्याकडून घेतला. तिचं बोट काचेवर फिरत होतं तसे तिचे ओठ हलत होते. या वेळी लिहिलं: 'आईला पुरलं कुटं'.

उत्तर लगेच आलं. त्याला पाकिटाची घाई असावी. मी वाचलं.

"आईला मी कधीच काही कमी पडू दिले नाही, प्रिये. तिला सगळे पुरले. आता फक्त तुझे पाकीट पाठव."

 पुढचा गृहस्थ पैसे देऊन निघून गेला. कासीमभाईंनी वजनकाट्यावरची धूळ फडक्यानं पुसली, ती नव्हती तरी. मी अक्काकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, रडूही नाही. माप चुकलेलं ब्लाऊज परत आलं की ती शिवण उलटून बघते, कुठून उसवायचं ते ठरवत, तसं ती त्या मोबाईलकडं बघत होती.

मग तिनं काउंटरवरचं पाकीट उचललं.

"न्हाय पाठवायचं, कासीमभाई."

"बरं, बाई."

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. गिरिजा पायरी चढायची, उतरायची. अक्कानं पाकीट फाडून सिमकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं, कार्डही दिलं. मी दोन्ही पर्समध्ये ठेवून चेन ओढली. पण ती मोबाईलवर काहीतरी लिहीतच होती. मी म्हटलं, "अक्का, आता बोलू नका त्याच्याशी. ब्लॉक करा." तिनं हातानं गप केलं. लिहून झाल्यावर पाठवायच्या आधी मला दाखवलं. काना-मात्रा बघायला असावं.

'तुजी खरी आई जित्ती हाय का. असली तर तिला आसं मारू नगं.'

त्याच्याशी पहिल्यांदाच ती अरे-तुरेत बोलत होती. मी काही दुरुस्त केलं नाही. तिनं पाठवलं.

तो लिहितोय असं दिसलं. मग थांबला. मग पुन्हा लिहायला लागला, पुन्हा थांबला. एवढा वेळ त्याला कधी लागला नव्हता. शेवटी एकच शब्द आला, प्रिये नाही, काही नाही.

'आहे.'

त्यानंतर नावापुढचा बर्फातला फोटो गेला आणि तिथं नुसता राखाडी गोल राहिला; त्यानंच ब्लॉक केलं होतं.

"जित्ती हाय," अक्का म्हणाली. दवाखान्यातून निरोप आल्यावर म्हणतात तशी.

मी तिला सांगितलं, आता सायबर पोलिसांकडे जायचं, मेसेज सगळे दाखवायचे, खातं बंद करायचं. आजच. ती उठली, साडी झटकली, गिरिजाचा हात धरला.

"चल. पर मला सांग, ह्येबी सांगावं लागंल का ग त्येंना? त्येच्या आईचं?"

"आईचं कशाला?"

"न्हाय, उगं विचारलं. तिला बिचारीला काय म्हाईत, पोरगं काय धंदे करतंय."