शेपूट कापलेला घोडा

लोकर कातरायची कातर हातात घेतली तेव्हा आयकुमिसचा हात जराही थरथरला नाही. याचंच तिला पुढे जन्मभर नवल वाटत राहिलं.

खानाला सिर नदीकाठची शहरं हवी होती. मोठ्यांची हाव कधी भागत नाही, आणि ती भागवायला पोरं मात्र गरिबांची लागतात. तिचा थोरला तुलेगेन सावरान शहराच्या वेढ्यावर गेला. पाय मुरगळलेला त्याचा लाडका भुरा घोडा घरीच राहिला. त्यानंतर पोराची काही खबर नव्हती. आता खानाचा माणूस दर तंबूमागे आणखी एक स्वार मागत फिरत होता, आणि तिच्याकडे धाकटा एसेन तेवढा उरला होता.

पण सुतकातल्या तंबूतून वर्षभर माणूस नेत नसत. मेलेल्याच्या घोड्याची शेपूट कापून त्याला कळपात सोडायचं, त्यावर कुणी बसायचं नाही, वर्ष सरलं की त्याच्याच मांसाचं जेवण वस्तीला घालायचं. तोवर आईनं सकाळ-संध्याकाळ दाराशी बसून मृताचं रडगाणं गायचं, ही रीत.

तुलेगेन मेल्याचा निरोप एका वाटसरूनं आणला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. एसेनलाही तेच सांगितलं आणि भुऱ्याची शेपूट कापली.

खानाच्या माणसानं घोडा पाहिला, गाणं ऐकलं.

"गळा गोड आहे तुझा, म्हातारे," तो म्हणाला. "माझ्यामागे असं रडणारं कुणी नाही." आणि तो पुढच्या तंबूकडे वळला.

शरदातल्या एका संध्याकाळी सगळे कळपाकडे घोड्या दोहायला गेले होते. आयकुमिस दाराशी गात होती.

"छान गातेस, आई," तंबूमागून आवाज आला. "पण मी एवढा शूर कधी होतो गं?"

तुलेगेन. उजव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक होता.

"एसेनसाठी केलं रे," ती म्हणाली.

"कळलं मला. येताना भुरा दिसला. वेडा धावत आला जवळ." तो आत येऊन बसला. तिनं पुढे केलेले दह्याचे सुके गोळे डाव्या हातानं खाऊ लागला. "एसेन वाचला?"

"वाचला. बायको गरोदर आहे त्याची."

"मग झालं."

"राहा ना. सांगू लोकांना काहीतरी."

"काय सांगशील? मी जिवंत आहे कळलं की खानाचा माणूस परत येणार. या हातानं धनुष्य धरवत नाही, मग नेणार कुणाला? आणि खोटं सुतक पाळलंस म्हणून तुलाही सोडायचा नाही."

नको जाऊस म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात कळपाकडून एसेनचं हसणं ऐकू आलं. तिनं तोंड मिटलं.

तुलेगेननं ते पाहिलं. उरलेले गोळे त्यानं कमरेच्या शेल्यात बांधले.

"कुठं जाशील?"

"मेलेल्याला कुणी विचारतं का?" तो म्हणाला, आणि बोरूच्या बेटातून पायीच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयकुमिस दाराशी बसली, पण गळ्यातून आवाज फुटेना. गाण्याचे शब्द पाठ होते, तरी एकही बाहेर येईना. पुढेही तिला कधी गाता आलं नाही. रडून रडून गळा बसला, असं वस्तीनं मानलं.

वर्ष सरलं. भुऱ्याला कापलं, वस्ती जेवली. एसेननं डोळे पुसत चांगलासा तुकडा आईच्या ताटात वाढला.

"दुःख ओसरलं हो हिचं," शेजारीण म्हणाली. "बघा, रडतसुद्धा नाही आता."

आयकुमिसनं मान डोलावली आणि तुकडा तोंडात घातला.