सुमतीचा टाक

सुमती १९५४च्या फेब्रुवारीत विषमज्वराने गेली. आजारपण एकवीस दिवसांचं. त्यातले तिन्ही रविवार आणि शेवटचे चार दिवस मालन ठाकुर्लीला तिच्या उशाशी होती. दोघी मूळच्या बाळकुमच्या. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. शाळेच्या वाटेवर सुमती बाईंच्या नकला करायची. हसून हसून मालनला उचकी लागायची. "पाणी पी," सुमती म्हणायची, "नाहीतर पेपरात उचकीच लिहून येशील."

तेराव्याला सुमतीची सासू विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मालन मीठ, हळद, पोहे न विचारता डब्यांतून काढत होती. सुमतीची दीड वर्षाची हेमा तिच्या कडेवर झोपली होती.

"हिला काही सांगावंच लागत नाही," विमलाबाई शेजारणीला म्हणाली.

लग्न तिथेच ठरलं. मालनच्या वडिलांना, मारुतीरावांना, ते आठ दिवसांनी कळलं आणि मालनला दहा दिवसांनी.

गुरुदत्त, सुमतीचा नवरा, वीजघरात फिटर होता. माणूस वाईट नव्हता. मालनची हरकत त्याच्याबद्दल नव्हती. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न केलं, की दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा असतो. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा पहिला घास तिचा, आणि हात जोडून म्हणायचं, सवतीबाई, त्रास देऊ नकोस. जिच्याबरोबर सात वर्षं हसली, तिला जन्मभर भ्यायचं, हे मालनला नको होतं.

"बाबा, ती सुमतीची जागा आहे," ती म्हणाली.

"मग परकीला देऊ म्हणतेस? पोर कोणाच्या हाती वाढेल?" मारुतीराव म्हणाले. "एकविसावं सरलं तुला. मागे धाकट्या दोघी आहेत."

तिने गुरुदत्तला गाठलं. "तुम्ही नाही म्हणा ना."

"मी आजवर आईला कशाला नाही म्हटलंय?" तो म्हणाला. "तुझ्या मैत्रिणीला विचारायचं होतंस."

तेव्हा मालनने एक वाक्य तयार केलं. वाटेत चार वेळा घोकलं आणि ठाकुर्लीला जाऊन विमलाबाईला ऐकवलं. "मावशी, सुमती स्वप्नात आली होती. म्हणाली, माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

गेलेलीच नको म्हणते, तिथे लग्न कोण लावील, असा तिचा हिशेब होता.

विमलाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "रागात होती?"

"हो."

"बघ! मी म्हणत होते, सध्या साधा टाक करू. आता कल्याणच्या सोनाराकडून चांगला घडवून त्याची रीतसर पूजा करून घेते."

"पण ती नको म्हणतेय, मावशी."

"अगं, पहिली कधी हो म्हणते का?" विमलाबाईने गळ्यातून काळा पडलेला टाक बाहेर काढला. "पस्तीस वर्षं झाली. हीसुद्धा सुरुवातीला आडवीच आली होती."

विमलाबाईही दुसरेपणावर या घरात आल्याचं मालनला तेव्हा कळलं.

पुढच्या तीन आठवड्यांत चाळीत सुमतीचं नाव बदललं. हेमाला ताप आला, तो सुमतीमुळे. दूध नासलं, तेही सुमतीमुळे. तेराव्याला "लक्ष्मी गेली" म्हणून रडलेल्या बायकांनी उंबऱ्यावर लिंबं ठेवली. गुरुदत्तने तिचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत घातला.

मालन पुन्हा गेली. "मावशी, मी खोटं बोलले. स्वप्नबिप्न काही पडलं नाही."

"हळू," विमलाबाई म्हणाली. "असं तिच्यादेखत बोलू नये."

लग्नाला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, सुमतीची आई गंगुबाई बाळकुमच्या घरी आली. मालन एकटीच होती. गंगुबाई जमिनीवरच बसली.

"माझी पोर हडळ झाली म्हणतात."

"काकी, ऐका..."

"भांडायला नाही आले गं. तुला दिसली, हे खरं ना? तीन महिने झाले, माझ्या स्वप्नात एकदा आली नाही. मी आता दुपारचीसुद्धा मुद्दाम पडते."

"काकी, ती आलीच नव्हती. लग्न मोडावं म्हणून मी तसं सांगितलं."

गंगुबाईने मान हलवली. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतेस."

"नाही हो. आईची शपथ."

"शपथ नको घेऊस. एवढंच सांग, माझ्यावरही राग होता का तिचा? आजारात तिला माहेरी यायचं होतं. विमलाबाई म्हणाल्या, हलवू नका. मी ऐकलं."

गंगुबाई पुढे सरकली. "सांग ना गं."

"तुमच्यावर नव्हता," मालन म्हणाली.

"अंगाने कशी होती?"

"भरलेली. ताप नव्हता."

"आणि केस? डॉक्टरांनी कापायला लावले होते."

"होते. लांब होते."

गंगुबाईने पदर डोळ्यांना लावला. "मग धरू दे राग. बरी आहे ना ती." मग उठून तिने मालनच्या गालावरून हात फिरवला. "टाक मीच बांधेन तुझ्या गळ्यात. माझ्या हातचा असला, की ऐकेल ती."

लग्न वैशाखात झालं. टाक गंगुबाईने बांधला. आकृती ठशाची होती. सोनाराकडे सगळ्या गेलेल्या बायकांना तोच एक चेहरा होता.

महिन्याभराने गंगुबाई ठाकुर्लीला आली. तिने हेमाला मांडीवर घेतलं, गूळपाणीही घेतलं नाही.

"परत आली होती का गं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. विमलाबाई ऐकत होती.

"आली होती," मालन म्हणाली.

"काय म्हणाली?"

मालन तिच्यासमोर बसली आणि सांगू लागली.