शिवमच्या लॅपटॉपवर दिसणारे चित्र

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. कागदावरचे नव्हे, संकेतस्थळावरचे. अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या जेबाने मला काढले. कपाशीवर फवारणी करणारा माणूस, तोंडाला फडके, डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे. वारा पाठीमागून हवा, हे कळावे म्हणून जेबाने त्याचा सदरा पुढे फुगवला होता. खाली एक अक्षर नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच तर माझा जन्म.

संकेतस्थळ बांधले अमरावतीच्या शिवमने, राजापेठेतल्या आपल्या खोलीत. पानावर काय कसे दिसावे, हे ज्या फाइलमध्ये लिहितात तिला स्टाइलशीट म्हणतात. माझा पत्ताही तिथेच लिहायचा होता. शिवमने काम करताना आपल्या लॅपटॉपचा पत्ता लिहिला. पुढे मला सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या फोनला पोहोचता येईल अशा संगणकावर, नेऊन ठेवले, पण पत्ता बदलायचे राहून गेले. त्यामुळे त्याच्या लॅपटॉपवर मी झकास दिसे आणि बाकी साऱ्या वऱ्हाडात माझ्या जागी पांढरा चौकोन. उद्घाटनही त्याच लॅपटॉपवर झाले. मला पाहून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही मला स्वतःच्या फोनवर उघडून पाहिले नाही.

जेबाने पाहिले. चित्र कुठेच दिसत नाही, असे तिने शिवमला कळवले.

"माह्याकडं त दिसून राह्यलं," तो म्हणाला. "तुहं नेटच बरोबर नसंल."

तिने पुन्हा सांगितले, घरातल्या इतर फोनवरही नाही म्हणाली. उत्तर तेच. मला त्याचा राग अजून येतो.

ते गुलाबी बोंडअळीचे वर्ष होते. दर्यापूरकडच्या एका गावात किसनराव मजुरीने फवारणी करत. दुकानदाराने औषध दिले आणि त्यांच्या बायकोच्या, माणिकबाईंच्या फोनवर आमचे पान पाठवले. चित्रात आहे तसे करा, असेही सांगितले. दोघांनाही वाचता येत नव्हते. त्यांनी पांढरा चौकोन पाहिला आणि किसनराव नेहमीसारखे तोंड न बांधता, वाऱ्याकडे तोंड करून फवारू लागले. औषध डोळ्यांत गेले. अकोल्याच्या दवाखान्यात जीव वाचला, डोळे वाचले नाहीत.

शिवमपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. पुढे त्याने नवा लॅपटॉप घेतला. तिथे मी दिसेना, तेव्हा मात्र साहेबांची धावपळ झाली. स्टाइलशीट उघडली, जुन्या लॅपटॉपचा पत्ता खोडला, सर्व्हरवरचा लिहिला. चहा निवायच्या आत काम संपले.

पुढच्या हंगामात पंप माणिकबाईंनी पाठीवर घेतला. दुकानदाराने पान पुन्हा पाठवले.

"चित्र आलं जी," त्या म्हणाल्या.

"काय हाय त्यात?" किसनरावांनी विचारले.

माणिकबाईंनी मला बोटांनी मोठे केले. फडके, चष्मा, मोजे, सगळे सांगितले. सदरा पुढे उडतो आहे म्हणजे वारा पाठीमागून असावा, हेही त्यांना आपसूक कळले.

"हे त मले समजलं असतं," किसनराव म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी सुखरूप आहे, माझा एक रंगही उडालेला नाही. ज्याच्यासाठी काही बनवाल, ते त्याच्या हातात देऊन पाहा. त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर पाहा.