जाईबाई ज्यात उभ्या राहिल्या तो पिंजरा

'या तालुक्यातील एकही दिव्यांग व्यक्ती शासनाच्या आधारापासून वंचित नाही.' मित्रांनो, हे वाक्य माझ्या समोरच्या भिंतीवर चौकटीत लावलेले आहे आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. दिव्यांग कोण, हे दाखला ठरवतो. दाखला शहरातील मोठ्या रुग्णालयात, नेमलेल्या वारी, फक्त सकाळी मिळतो. डोंगरातल्या वाडीवरून सुटणारी पहिली एस.टी. तिथे पोहोचवते तेव्हा खिडकी बंद झालेली असते. ज्याला दाखला नाही तो दिव्यांग नाही. आणि जो दिव्यांगच नाही तो वंचित कसा असेल? निर्दोष असल्याचा दावा ऐकण्यात माझा जन्म गेला, परंतु इतके निर्दोष वाक्य मी दुसरे पाहिले नाही.

मी आरोपीचा पिंजरा आहे. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यातील एका न्यायालयात उभा असतो. आंबवड्याकडच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले. कठडा घासताना तो सोबत्याला म्हणाला होता, "हितं मानूस हात टेकनार. कुसळ लागाया नगं." आरोपीचा एवढा विचार करणारा तो पहिला, आणि बहुधा शेवटचा. पुढे तपासणीला येणारे मोठे साहेब माझ्यावर हात फिरवून जुन्या कामाची तारीफ करत. आता माझ्या एका पायाखाली वीट आहे आणि पावसाळ्यात वकील मंडळी माझ्यावर ओले रेनकोट वाळत घालतात. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

वेल्ह्याकडच्या एका वाडीवर जाईबाई राहतात. नवरा नाही. सोनबा हा त्यांचा मुलगा वयाने तिशीचा, समजुतीने चार वर्षांचा. भातलावणीत त्यांच्याकडे इर्जिक चालते: आज सर्वांनी तुमच्या खाचरात राबायचे, उद्या तुम्ही त्यांच्या. जो जात नाही, त्याच्या खाचरात कोणी उतरत नाही. म्हणून जाईबाई सोनबाला गोठ्याच्या खांबाला बांधून लावणीला जात. गड पाहायला आलेल्या काही सुशिक्षितांनी ते मोबाईलवर टिपले. हजारो लोक घरबसल्या संतापले. त्या संतापातून एकही माणूस सोनबाजवळ बसायला आला नाही. पोलिसांची गाडी मात्र आली. सोनबाला शहरातील संस्थेत नेले आणि आईवर गुन्हा दाखल झाला: 'दिव्यांग व्यक्तीस बेकायदा बांधून ठेवले.' पाहिलेत, मित्रांनो? दाखला नाही म्हणून तीस वर्षे ज्याला दिव्यांग मानायला शासन तयार नव्हते, त्याला ते दिव्यांगपण एका ओळीत मिळाले, त्याच्या आईविरुद्ध.

सुनावणीच्या दिवशी जाईबाईंनी माझ्याजवळ येऊन चपला काढल्या. शिपाई हसला. "आजी, देऊळ न्हाई ह्ये. घाला चपला."

"आसू दे रं. मोठी मानसं बसल्यात न्हवं."

"मोठी मानसं बुटं घालून बसल्यात," तो म्हणाला.

सोबत त्यांचा भाचा गेनू होता. दाराशी तो त्यांना बजावत होता, "मावशे, गावकीत कसं करतो आपुन? चुकलं म्हनायचं, पाया पडायचं, आपलं मानूस घिऊन घरी यायचं. हितं बी तसंच कर. आडून बसू नगं."

गावकीचा नियम तसाच आहे. जो सर्वांसमोर चूक सांगतो, त्याचा तंटा तिथेच मिटतो. त्याचे जे अडकवलेले असते ते सुटते. न्यायालयाचा नियम नेमका उलटा आहे, हे गेनूला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते, म्हणजे शासनाने मोफत नेमून दिलेले वकील, मोबाईलवर बोलत आले आणि म्हणाले, "बाई, कबूल करून टाका. संध्याकाळी घरी जाल." त्यांनीही खोटे सांगितले नाही. घरी कोणाला नेता येईल, हे जाईबाईंनी विचारले नव्हते.

शिक्षा सौम्य झाली: न्यायालय उठेपर्यंत कैद आणि किरकोळ दंड. सगळ्यांना ती दयाळू वाटली. पुढे जाईबाई मुलाला मागायला गेल्या, तेव्हा संबंधित समितीने त्याच निकालावर बोट ठेवले: बांधून ठेवल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीकडे दिव्यांगाचा ताबा देता येत नाही. तर्क अचूक आहे. सोनबा संस्थेत आहे. तिथे तो फार हिंडतो म्हणून त्याला खोलीत कुलूप लावून ठेवतात. या कोंडण्याला 'सुरक्षित निवास' म्हणतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मी तुम्हाला एखादा बोध द्यावा, अशी रीत आहे. मी एवढेच मागतो: मोठे होऊन तुम्ही या खोलीत कोणत्याही खुर्चीवर बसलात, तर माझ्यात उभ्या असलेल्या माणसाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. तुम्ही थांबाल अशी मला आशा नाही. त्या दिवशी नोंद झाली ती दोनच शब्दांची, 'गुन्हा कबूल'. माझा कठडा दोन्ही हातांनी धरून जाईबाई बोलल्या ते सगळे असे होते:

"व्हय सायब, म्याच बांधलं. कासरा काचतो म्हनून लुगडं फाडून पट्टी केली व्हती. मागं एकदा त्यो धरनाच्या पान्यात गेल्ता, गळ्यापातूर. तवाधरनं लावनीला जाताना बांधायची, आल्याबरूबर सोडायची. चूक झाली. समद्यांच्या पाया पडती. आता सांगितलं न्हवं सगळं? मग आना त्याला. सांच्याची यस्टी गाठाया पायजे; अंदारात त्यो लई भितो."